ओळ झेलणारं कुणी नव्हतं

ठाणाकुशनूरच्या बसव्वांचा आवाज आता मंडपाच्या मागच्या ओळीपर्यंत पोचत नव्हता. बसवजयंतीला वचनं त्यांनीच म्हणावीत, असं भजनी मंडळातल्या बायकांना वाटे. त्यांचा आवाज पोचला नाही तर यंदा मोबाइलवरचीच वचनं लावावी लागणार होती. म्हणून मंडळाने त्यांना पुतण्यासोबत, शरणबसवसोबत, गुलबर्ग्याला धाडलं. बॅटरीवर चालणारा, चाकांचा स्पीकर आणायचा होता. पारख मात्र बसव्वांनीच करायची.

दुकानदाराने हाती माईक दिला. "म्हणा अक्का."

बसव्वांनी वचनाची पहिली ओळ म्हटली आणि त्या थांबल्या. मंडळात बायका ती ओळ परत म्हणत, मगच बसव्वा पुढे जात. चाळीस वर्षं असंच चाललेलं. इथे पंख्याची घरघर तेवढी ऐकू आली.

"झालं व्हय?" दुकानदाराने विचारलं.

दुसऱ्या स्पीकरवरही तीच ओळ, तसंच थांबणं. तिसऱ्यावरही.

"काकू, फुडचं म्हण की. कामून थांबायलीस?" शरणबसव म्हणाला.

"कुणी झेलल्याबिगर फुडचं येईना रे."

मग त्यानेच ओळ झेलली. बिचाऱ्याचा सूर असा भरकटला, की शेजारचं गिऱ्हाईक हसलं आणि बसव्वांना येत होती ती ओळही आठवेना.

"सांगा अक्का, कोणता बांधू?"

तिन्ही खोक्यांतून आवाज मोठा आला होता, पण त्यातला आपला आवाज कोणता, ते त्यांना उमजेना.

"तुमीच द्या अण्णा," त्या हळूच म्हणाल्या. "मला एकटीला न्हाई कळायलं."