आधी तुमची बाजू

स्वतःच्या विरुद्ध इतके चांगले बोलणारा माणूस आमच्या मेव्हण्यांखेरीज डिचोली तालुक्यात दुसरा नाही. पेडण्याची खात्री मी देत नाही, तिथे माझी ओळख कमी. खाणी बंद पडल्या, यांचे ट्रक उभे राहिले, तेव्हा इतर ट्रकवाल्यांपैकी कोणी काजूत लक्ष घातले, कोणी दुकान काढले. हे पन्नाशी उलटल्यावर विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायला गेले. वर्गात भौतिकशास्त्राची मुले, कायद्याच्या मुली आणि हे सर्वांचे ‘काका’. सोमवारी ग्रीक, बुधवारी चिनी, शुक्रवारी न्यायदर्शन. घरच्यांना वार कळायचा तो त्यांच्या बोलण्यावरून. संशयाचा, आमच्या कोकणीत दुबावाचा, धडा झाला त्या आठवड्यात पणजीची बस समोर उभी असताना, ही खरोखर आहे की मला नुसती दिसते, याचा विचार करीत ते थांबले. सोबत बाजाराला निघालेल्या वहिनी म्हणाल्या, “गेली बस. फिटलो दुबाव?”

पण ते खरे रमले पूर्वपक्षात. समोरच्याचे म्हणणे आधी आपणच मांडायचे, तेही त्याला स्वतःला साधणार नाही इतके उत्तम, आणि मगच त्याचे खंडन करायचे, ही आपली जुनी रीत त्यांनी थेट घरात आणली. मासळीवालीशी घासाघीस करताना मासळी महाग का असावी हे ते असे पटवत, की शेवटी स्वतःलाच पटे. घरात त्यांना उत्तर देणारी एकच, त्यांची मुलगी शर्वरी. रोज जेवणानंतर दोघांची जुंपायची आणि भांडी घासायची तशीच राहायची.

या शर्वरीने केरीचा एक मुलगा स्वतः पसंत केला. वडीलधाऱ्यांचा होकार तेवढा बाकी होता. मुलाकडची माणसे आली. वहिनींनी नवऱ्याला बजावून ठेवले होते, “आज फक्त हसायचे.” मुलाचे काका सौजन्याने म्हणाले, “आमचें कांय ना, तुमीच सांगात.”

“मग आधी तुमची बाजू मांडतो,” मेव्हणे म्हणाले.

“आमची बाजू आमी मांडूं मरे!”

“तुम्ही संकोच कराल.” आणि त्यांनी सुरुवात केली. मुलगी उशिरा उठते. माशाचे कालवण, आपले रोजचे हुमण, तिला जमत नाही. मोठ्यांना उलट उत्तर देते. घराणे पाहाल, तर बाप या वयात तत्त्वज्ञान शिकतो.

“हो शेवटचो मुद्दो घट्ट आसा,” काका म्हणाले.

कोणी हसले नाही. वहिनी चहाचा ट्रे घेऊन नवऱ्याच्या आणि काकांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. मुलगा माझ्याकडे पाहत होता, जणू मी काही करू शकणार होतो. तेवढ्यात शर्वरी बाहेर आली.

“बाबा, झाला पूर्वपक्ष? आता मी बोलते. उशिरा उठते, कारण रात्री तुमच्याशी वाद घालते. तिथे तुम्ही नसाल. हुमण मला येत नाही, पण याला येते. मी खाल्ले आहे.” मुलाच्या आईने वळून मुलाकडे पाहिले. “उलट उत्तराची सवय तुम्ही लावलीत. आणि माझ्या बापाबद्दल कोणी वेडेवाकडे बोललेले मी ऐकून घेणार नाही. तुम्ही बोललात तरी.”

काका आधी हसले, मग सगळेच. मुलीला होकार देत काका म्हणाले, “चेडूं आमचें! बापायक मात तुमीच सांबाळात.”

मेव्हणे उभे राहिले आणि वर्गात सांगावे तसे म्हणाले, “पूर्वपक्षाचे खंडन झाले.” इतका खूष झालेला पराभूत माणूस मी पाहिला नाही.

शर्वरी आता केरीला असते. फोन करते, पण फोनवर वाद रंगत नाही, असे तिचे बाबा म्हणतात. रविवारी मेव्हणे आमच्याकडे येतात, एखादा पूर्वपक्ष सुरेख मांडतात आणि थांबतात. माझी बायको आत चहा टाकते. मी हिशेबाचा माणूस, मला यातले काही कळत नाही. गेल्या रविवारी मात्र मला राहवले नाही. मी म्हणालो, “हे मला पटत नाही.”

ते खुर्चीत एकदम पुढे सरकले. “का?”

मी बायकोला चहा लवकर आण म्हणून हाक मारली.

“सावकाश विचार करा, भावोजी,” ते म्हणाले. “मला घाई नाही.”