उभे राहणारे सुभेदार

अमेरिकन फुटबॉलची मॅच सुभेदार उभ्याने बघत. मैदानात नव्हे, कुवेतमध्ये, फहाहीलच्या आपल्या फ्लॅटमध्ये, टीव्हीसमोर; आणि तीही महिन्याभरापूर्वी होऊन गेलेली, निकाल पाठ असलेली मॅच. मागे चांगला तीन माणसांचा सोफा, आणि हा गृहस्थ साडेतीन तास हाताची घडी घालून उभा! पाहुण्यांना मात्र बसायची मुभा होती. "तू बस रे," ते मला म्हणत, "तुमच्या कॉलेजला बसायचीच सवय आहे."

सुभेदार हे त्यांचं आडनाव नव्हे, मी ठेवलेलं नाव. गृहस्थ मूळचे नाशिकचे, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इन्स्पेक्शन इंजिनियर. पाइपांची जाडी मोजत दिवसभर उन्हात हिंडायचं, हे त्यांचं काम. मीही त्याच रिफायनरीत, पण एसीत. आम्ही दोघंही टेक्सासमध्ये शिकलेले, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं, कारण आमची कॉलेजं वेगळी होती आणि त्या दोन कॉलेजांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. त्यांचं कॉलेज मुळात लष्करी. आता तिथे सगळेच शिकत असले, तरी काही पोरं चार वर्षं गणवेशात राहतात, पहाटे कवायत करतात, वरच्या वर्गातला कोणी दिसला की ताठ होतात. सुभेदारांनी स्वतः तो गणवेश घातला नव्हता. एम.एस. करायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला तो कोण देणार? पण कळस दिसला तरी भक्ताला पुरतो.

उभं राहण्यामागे एक कथा होती आणि ती मी किमान वीस वेळा ऐकली. फार जुन्या एका मॅचमध्ये त्यांच्या कॉलेजचे खेळाडू एकामागून एक जखमी झाले. राखीवही संपत आले. तेव्हा प्रेक्षकांतल्या एका विद्यार्थ्याला खाली बोलावलं. तो खेळाडूचा पोशाख चढवून कडेला उभा राहिला. त्याला खेळायची वेळ काही आली नाही. पण तेव्हापासून तिथले विद्यार्थी, हाक आली तर तयार असावं म्हणून, मॅचभर उभे असतात.

"म्हणजे न खेळलेल्या माणसाचा उत्सव," मी म्हणायचो.

"अरे, प्रश्न खेळण्याचा नाही, तयार असण्याचा आहे," सुभेदार म्हणत. "बसलेला माणूस उठेपर्यंत मॅच संपते."

मॅचच्या कॅसेटी त्यांचा एक जुना वर्गमित्र पोस्टाने पाठवी. अमेरिकन कॅसेट आपल्या साध्या व्हीसीआरवर चालत नसे, म्हणून फरवानियाच्या बाजारातून त्यांनी खास मल्टिसिस्टिम व्हीसीआर आणला होता. बाहेरून आलेली कॅसेट तेव्हा तपासून मगच हातात पडे. माझ्या कॉलेजच्या मॅचमध्ये तोकड्या कपड्यांत नाचणाऱ्या मुली असत, त्यामुळे माझी एक कॅसेट तपासणीला गेली ती गेलीच. त्यांच्या कॉलेजात घोषणा द्यायला पांढऱ्या सदऱ्यातली पोरं. "याला म्हणतात शिस्त," असं म्हणून त्यांनी मला आठवडाभर पिडलं.

सलील हा त्यांचा एकुलता एक मुलगा. बापाच्या शिक्षणाच्या काळात तो टेक्सासमध्येच जन्मला, त्यामुळे अमेरिकन नागरिक. वाढला मात्र कुवेतमध्ये. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारा. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, बापाशेजारी तोही हाताची घडी घालून उभा राही. पुढे तो बापाच्याच कॉलेजात गेला आणि पहिल्याच वर्षी त्याने गणवेश घेतला. त्या गणवेशातला त्याचा फोटो सुभेदारांनी ऑफिसातल्या टेबलावर ठेवला. रिपोर्टवर सही घ्यायला येणाऱ्याला आधी फोटो बघावा लागे, मग सही मिळे.

त्या पोरांना तिसऱ्या वर्षी एक गोष्ट ठरवावी लागे. करारावर सही केली, तर पदवीनंतर चार वर्षं अमेरिकेच्या सैन्यात. नाही केली, तर गणवेश कॉलेजपुरता. सलीलचा त्यासाठी फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. शुक्रवारची सकाळ होती. पोरगा काहीतरी लांबलचक सांगत होता. सुभेदारांनी ते पुरतं ऐकलंही नाही. "अरे, विचार कसला करतोस? कर सही!" म्हणाले, आणि फोन ठेवला. मॅच जिंकल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या.

"सलीलचा होता? मला दिला नाहीत?"

"सैन्यात जातोय तो," सुभेदार म्हणाले.

वहिनी आत गेल्या. आम्हाला त्यांनी जेवायला वाढलं, स्वतः जेवल्या नाहीत. "तेव्हा कुठे होतं युद्ध?" असं सुभेदार पुढे मला पुन्हा पुन्हा सांगत. नव्वद साली कुवेतमध्ये घुसलेले इराकी रणगाडे डोळ्यांनी पाहून, बायकोपोराला घेऊन बसने अम्मान गाठलेल्या माणसाने हे सांगावं याचं मला नवल वाटे.

दोन हजार तीनच्या सुरुवातीला सलीलची तुकडी इराकमध्ये शिरण्यासाठी कुवेतच्या उत्तरेला वाळवंटात येऊन थांबली. मुलगा घरापासून दीड-दोन तासांच्या रस्त्यावर, आणि भेटायची सोय नाही. आमच्यापैकी बऱ्याच जणांनी बायकामुलं भारतात धाडली होती, विषारी वायूच्या भीतीने खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या होत्या. वहिनी हलल्या नाहीत. "माझा मुलगा इथे आहे," एवढंच म्हणाल्या. एका शुक्रवारी त्यांनी डबा भरला आणि मला फोन केला, "भाऊजी, तुमची गाडी काढा. यांचं हल्ली रस्त्यावर लक्ष नसतं."

उत्तरेच्या रस्त्यावर चौकीपाशी आम्हाला अडवलं. पोलीस अगदी कोवळा होता. "मम्नू," म्हणाला, पुढे जायला मनाई. एरवी गणवेश दिसला की पाठ ताठ करणारे सुभेदार गाडीतून उतरले आणि हात जोडून "वलदी, वलदी", माझा मुलगा, माझा मुलगा, असं म्हणत राहिले. पोलिसाला वाईट वाटलं असावं. हलक्या आवाजात तो हिंदीत म्हणाला, "बाबा, घर जाओ." मागच्या सीटवरून वहिनी बोलल्या, "हात खाली घ्या. तुम्हीच पाठवलंत." डबा जसाच्या तसा घरी आला.

सलील इराकमध्ये गेला आणि सुखरूप बाहेर आला. त्याच्या तुकडीतले सगळे आले नाहीत. त्या काळात सुभेदार रोज कामावर येत, पाइप मोजत, पण बोलत नसत. आलेल्या कॅसेटी न उघडता कपाटात जात. घरात वहिनी त्यांच्याशी मिठापिठापुरतं बोलत. मी चेष्टा करायची सोडून दिली होती. मला त्यांची कीव येई आणि, खरं सांगायचं तर, रागही येई.

सैन्यातली मुदत संपवून सलील चार दिवसांसाठी कुवेतला आला. दुपारी मलाही जेवायला बोलावलं होतं. पोरगा रोडावला होता, खाली मान घालून जेवत होता. मध्येच त्याने विचारलं, "बाबा, व्हाय डिडन्ट यू एव्हर जॉइन?"

सुभेदारांचा घास हातातच राहिला.

"माझी निवड झाली होती," ते म्हणाले.

बारा वर्षांच्या ओळखीत हे मी कधी ऐकलं नव्हतं. वहिनींनीही ऐकलं नसावं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

"इंजिनियर झाल्या झाल्या. मुलाखत, मेडिकल, सगळं पास. डेहराडूनला लष्करी अकादमीत हजर व्हायचं पत्र आलं. आई दोन दिवस जेवली नाही. नुसती रडत बसली. मग नाही गेलो."

वहिनी वाढता वाढता थांबल्या. आवाज त्यांनी चढवला नाही.

"तुमच्या आईला रडायला दोन दिवस तरी मिळाले," त्या म्हणाल्या. "मला फोन ठेवल्यावर कळलं."

सुभेदारांनी घास ताटात ठेवला. "चुकलं माझं," ते म्हणाले. मुलासमोर म्हणाले, माझ्यासमोर म्हणाले. वहिनी हातातलं भांडं तसंच धरून खुर्चीवर बसल्या आणि रडायला लागल्या. सहा वर्षांचं रडू होतं ते, लवकर थांबण्यातलं नव्हतं. सलील उठायला लागला, तर सुभेदारांनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि त्याला थांबवलं. "रडू दे तिला," म्हणाले. आम्ही तिघेही ताटावर तसेच बसून राहिलो.