पारोळ्याच्या रस्त्यावरची दमणी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, त्या दिवशी ज्याच्या घरी जेवलो त्या मित्रालाही नाही. धुळ्याच्या कोर्टात पंचवीस वर्षं वकिली केली, शेकडो लोकांना शपथेवर खरं बोलायला लावलं — आणि स्वतःची एवढीशी गोष्ट मात्र गिळून बसलो. एवढीशी? पाहा, अजूनही मी तिला एवढीशी म्हणतो.

आधी माझ्या रागाबद्दल सांगतो. लढाईच्या आधी माझ्याकडे मोटार होती. एका बदली झालेल्या साहेबाकडून घेतलेली, जुनी, पण मोटार. कोर्टात मी सौम्य म्हणून ओळखला जायचो. पक्षकार माझ्या नम्रपणाचं कौतुक करायचे. तोच मी चाकामागे बसलो की वेगळाच माणूस व्हायचो. धुळ्याहून जळगावला जाताना वाटेत भेटेल त्या गाडीवानाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत जायचो. मेंढ्या आडव्या आल्या की मेंढपाळाला शिव्या, म्हातारी हळू चालली तर म्हातारीला. भोंग्याचा रबरी फुगा दाबून दाबून माझा अंगठा दुखायचा. रस्ता काय माझ्या वडिलांनी बांधला होता? पण तेव्हा मला अगदी तसंच वाटायचं.

कामासाठी महिन्यातून दोनदा तरी जळगावला जावं लागे. त्या दिवशीही निघालो होतो. आखाजीचा आदला दिवस. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण — सासरी गेलेली पोर माहेरी येते, झोका बांधलेला असतो, गाणी होतात. तिला आणायला बाप नाहीतर भाऊ जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. हे मला माहीत होतं. हे मला चांगलं माहीत होतं, हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला पळवाट राहायला नको.

पारोळा मागे पडलं. ऊन तापलं होतं, मोटारीचं पाणी उकळायला लागलं होतं. आणि पुढे एक दमणी — सवारीची छपराची हलकी बैलगाडी — रस्त्याच्या बरोबर मधून चाललेली. दोन्ही बाजूंना दुरुस्तीसाठी टाकलेल्या खडीचे ढीग, त्यामुळे मोटारीला बाजूने निघायला जागा नाही. भोंगा वाजवला. बैलांनी कान हलवले, चाल बदलली नाही. ओरडलो. गाडीवानाचा आवाज नाही. अर्धा मैल मी त्या दमणीची धूळ खात गेलो, आणि त्या अर्ध्या मैलात माझ्या डोक्यात काय काय झालं ते सांगायला लाज वाटते. हा मुद्दाम करतोय. मला दाखवतोय. मोटारवाल्याला खिजवतोय.

मोटार थांबवून मी धावत पुढे गेलो, त्याला खाली ओढायच्याच इराद्याने.

तो झोपला होता. पन्नाशीचा माणूस, पागोटं डोळ्यांवर ओढलेलं, तोंड उघडं, हातातला कासरा सैल. मागे दमणीत नवीन गोधडी अंथरलेली होती, तिच्यावर टेकायला तक्क्या. बैलांच्या शिंगांना गोंडे बांधलेले, गळ्यात घुंगरं. म्हणजे मला कळलं. पाहताक्षणी कळलं की हा लेकीला आणायला निघाला आहे.

आता तुम्हीच सांगा, काय करायला हवं होतं? त्याला हाक मारायची. किंवा बैलांना चार पावलं पुढे, खडी संपत होती तिथवर न्यायचं आणि कडेला घ्यायचं. मी नेलंही. डावीकडच्या बैलाची वेसण धरून खडीच्या पुढे नेलं, रस्ता रुंद झाला, माझी मोटार सहज निघाली असती. वेसण मात्र मी सोडली नाही. बैलांना वळवत राहिलो — वळवत, वळवत, त्यांची तोंडं पुन्हा पारोळ्याकडे होईपर्यंत. घरची वाट समोर दिसल्यावर बैलांना आणखी काय हवं? आपसूक चालू लागले. माझ्या मोटारीला वळसा घालून, खडीच्या ढिगांपलीकडच्या मऊ मातीतून, गोंडे हलवत गेले. तो हललादेखील नाही.

एरंडोल येईपर्यंत मी एकटाच हसत होतो.

जळगावला मित्राच्या घरी हा किस्सा रंगवून सांगायचा असं ठरवूनच गेलो होतो. ताटावर बसलो. त्याची धाकटी बहीण सकाळीच माहेरी आली होती, वाढताना तिच्या हातातल्या नव्या बांगड्या वाजत होत्या. किस्सा घशाशी आला आणि तिथेच राहिला. तेव्हा तरी मोटार फिरवायची. दमणी फार लांब गेली नसती. मी जेवलो, पान खाल्लं आणि आपल्या कामाला लागलो.

पुढे लढाई आली, पेट्रोल मिळेना, मोटार विकली आणि मी उतारूंची ने-आण करणाऱ्या सर्व्हिस मोटारने जाऊ-येऊ लागलो. कोळशाच्या गॅसवर चालणारी, चढावर दम टाकणारी गाडी. पाठीत कुणाची टोपली रुतलेली, मांडीवर कुणाचं गाठोडं. सुरुवातीला चिडचिड झाली, पण चिडून करणार काय? चाक दुसऱ्याच्या हातात. तो चालक जोरात हाकायला लागला की मागून कुणीतरी त्याला दमाने घ्यायला सांगायचं आणि तो ऐकायचाही. मला असं मागून सांगणारं कुणी कधी नव्हतं.

अशाच एका फेरीत माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारा आणि त्याची लेक बसली होती. एरंडोलपासून सगळी गाडी पेंगत होती, म्हातारा तेवढा ताठ, पुढची दांडी दोन्ही हातांनी धरून. लेक हसून म्हणाली, "आबा, जराखा डोया लाई ल्या. हाई मोटार शे, मांगे नही फिरावाव."

मोटार काही मागे फिरायची नाही, हे ऐकून आजूबाजूचे हसले. कुणीतरी विचारलं, म्हणून आबांनी सांगितलं. पोरीची लग्नानंतरची पहिली आखाजी होती. ती येणार म्हणून आदल्या रात्री घरात कुणी झोपलंच नव्हतं. वाटेत त्यांना झोप लागली आणि बैल परत घरी आले. घुंगरं ऐकून बायको भाकरतुकडा आणि पाणी घेऊन लेकीला ओवाळायला धावत बाहेर आली, तर दमणीत एकटे आबा, झोपलेले. बैलांना विसावा देऊन ते पुन्हा निघाले, पोचेपर्यंत आखाजी उजाडली. सासू म्हणाली, सणाच्या दिवशी घरची सून बाहेर जात नाही. पोर राहिली. आणि त्याच श्रावणात तिची आई गेली.

"बैलेसना काय दोस?" आबा म्हणाले. "झोप माले लागनी."

लेक हसत नव्हती आता. खिडकीबाहेर पाहत होती. तिने बापाला माफ केलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. एवढं मात्र दिसत होतं की माफ करण्याजोगं काहीतरी त्याने केलं, यावर दोघांचाही विश्वास होता.

मी हातभर अंतरावर होतो. बोललो का? नाही. उलट इतरांबरोबर थोडा हसलो. पारोळ्याच्या अलीकडच्या फाट्यावर ती दोघं उतरली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. बैल वळवले तेव्हा मी रागात होतो. त्या दिवशी गाडीत राग नव्हता, नुसता भित्रेपणा होता.

आता लढाई संपली, मोटार पुन्हा घेता येईल, पण मी घेतली नाही. लोक म्हणतात, वकीलसाहेब किती साधे, चारचौघांत बसून येतात. तेही कौतुक मी इतकी वर्षं मुकाट्याने घेत आलो. खरं कारण एवढंच, की चाक हातात आल्यावर मी कोण होतो ते मला माहीत आहे.

लिहून झालं. खोटं कशाला बोलू, हलकं वाटतंय. छातीवरचं जू उतरल्यासारखं. तुम्ही वाचाल म्हणून नव्हे. माझ्याकडून हे एकदा बाहेर निघू शकतं, एवढं कळलं म्हणून.

आबा अजून आहेत, गेल्याच आठवड्यात सर्व्हिसच्या चालकाला विचारलं. आता थकलेत, पण ओट्यावर बसलेले दिसतात. परवा आखाजी, लेक उद्या सकाळपर्यंत आलेली असेल. उद्याच्या पहिल्या गाडीने मी त्या फाट्यावर उतरणार आहे. दोघंही समोर असतील तेव्हा सांगायचं, आणि त्यात जास्त शब्द घालायचे नाहीत. आबा, तुम्हाला झोप लागली होती, पण बैल रस्ता चुकले नव्हते. ते लेकीच्याच गावाला चालले होते. मी त्यांना वळवलं.