शिवलेले खिसे

मास्तरांच्या कात्रीने बावीस वर्षांत कधी चूक केलीच नाही असं नाही. पण झालेली चूक शिलाईत जिरवता यायची. आत बोटभर कापड जास्तीचं सोडायचं हा त्यांचा नेमच होता. "माणूस आज ना उद्या फुगतोच," ते म्हणत, "आणि तेव्हा तो आपल्याकडेच येतो." त्यामुळे एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या, तेव्हा मास्तरीणबाईंनी त्या दोनदा उलटून पाहिल्या.

एकेरी कापडावर बेतताना दुसरी बाही उलटी ठेवून काढायची असते. शिकाऊ माणूस पहिल्या महिन्यात ही चूक करतो, बोलणी खातो आणि मग जन्मात विसरत नाही.

दुकान पुढे, राहणं मागे आणि मध्ये एक पडदा. बाई मागे बसून काजं करायच्या, बटणं लावायच्या, तुरपाई घालायच्या. पडद्यातून डोकं बाहेर काढून त्या म्हणाल्या, "अहो, बँकवाल्या साहेबांना दोन्ही हात डावेच आहेत का?"

एरवी मास्तर म्हणाले असते, "मग! म्हणून तर बँकेत टिकले." आज ते नुसतं म्हणाले, "उजेड कमी पडतो गं."

बाईंनी मोठा बल्ब आणून लावला. मग त्यांना धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नजर शाबूत आहे, सुईत दोरा ओवायला बायकोची गरज नाही. बाई हसल्या, पण घरी येईपर्यंत ते हसू पार सुकलं. डोळे ठीक आहेत, तर मग हा माणूस बघतोय कुठे?

घर तसं भरलेलंच होतं. मास्तर समोर बसून जेवत होते, विचारलं तर उत्तर देत होते, आजारपणात बाईंचे पायही दाबून देत होते. तरीही बाईंना नवऱ्याची आठवण यायची. समोरच बसलेल्या माणसाची आठवण येते, हे सांगायचं तरी कुणाला? माहेरी सांगितलं असतं तर म्हणाले असते, तुझं सुख तुला टोचतंय.

दुकानात दुसरं मशीन होतं, धाकट्या दिराचं. दोघे भाऊ समोरासमोर बसायचे आणि दिवसभर एकमेकांची खेचायचे. "दादा, तू बेततोस तसं मी शिवलं ना, तर गिऱ्हाईक आपल्याला शिवेल!" हे त्याचं ठरलेलं वाक्य. दोन वर्षांपूर्वी चार दिवसांच्या तापाने तो गेला. मास्तर रडले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं, भावाच्या मशीनवर चादर टाकली आणि अर्धवट राहिलेली पँट पुरी केली. लोक म्हणाले, केवढा धीराचा माणूस. बाईंनाही तसंच वाटलं, आणि त्याची बोच त्यांना पुढे फार दिवस पुरली.

कळलं ते आरशामुळे. दुकानाच्या कोपऱ्यात कपडे घालून बघायला आडोसा होता, आत उभा आरसा. एका दुपारी आडोशाचा पडदा नीट ओढलेला नव्हता. बाईंना आरशात मास्तर दिसले. हातात फोन, श्वास रोखलेला, डोळे चमकत होते, ओठ किंचित उघडे. नवं कापड पहिल्यांदा अंथरताना व्हायचा तसा चेहरा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात बाईंकडे बघताना व्हायचा तसा.

बाईंच्या मनात पहिल्यांदा आली ती कुणी परकी बाई. दुसरं काय येणार! रात्री फोन चोरून बघितला, तर त्यात बाई नव्हती, पत्ते होते. हिरव्या पटावर उलटी ठेवलेली तीन पानं, आणि पैसे लावून खेळलेले शेकडो डाव. बाई उशीत तोंड खुपसून हसल्या आणि हसता हसता रडल्या. सवत असती तर भांडता आलं असतं. ज्या चेहऱ्यासाठी आपण दोन वर्षं झुरतोय, तो हे रोज त्या काचेला दाखवतात!

पैसे किती गेले ते नणंदेने खोदून खोदून विचारलं. बाईंनी सांगितलं नाही, जाणार होते ते गेले होते. नणंद म्हणाली, "पुरुषाला एखादा नाद असतोच गं. माझा भाऊ पीत नाही, कुठे जात नाही. जरा धाक ठेव." बाईंनी धाक ठेवला. मास्तरांनी कानाला खडा लावला, आठ दिवस फोनला हात लावला नाही. पण त्या आठ दिवसांत ते जेवेनात, झोपेनात. बटणं निवडता निवडता एकदा सहज बोलावं तसं म्हणाले, "मी नसतो तर तुझं बरं चाललं असतं." बाईंना वाटलं, रुसलेत. "हो ना, राजाची राणी झाले असते," असं त्या ठसक्यात बोलून गेल्या. नवव्या दिवशी मास्तर पुन्हा आडोशात उभे होते.

मग बाईंनी आपल्या हातात जे होतं ते केलं. एका सकाळी मास्तर अंघोळीला गेले असताना त्यांच्या सगळ्या कपड्यांचे खिसे शिवून टाकले. शर्टाचे, पँटचे, मागचे, पुढचे. बारीक टाका, कापडाच्याच रंगाचा दोरा. खिसाच नसला तर फोन ठेवणार कुठे? एखाद्या शिंपिणीलाच सुचावा असा हा उपाय.

त्याच दिवशी बँकवाले साहेब नव्या बाह्यांचा कोट घालून बघायला आले. मास्तरांनी पाठीवर खूण केली आणि सवयीने खडू खिशात टाकला. खडू फरशीवर पडून फुटला. त्यांनी दुसरा टाकला, तोही फुटला.

"वा मास्तर!" साहेब गडगडून हसले. "कंजुषांसाठी नवी फॅशन काढली वाटतं? मलाही असाच खिसा शिवा, म्हणजे पोरं मागायची थांबतील!"

मास्तरही हसले. साहेब जाईपर्यंत हसत राहिले. मग त्यांनी एकेक करून सगळे खिसे चाचपले आणि पडदा सारून आत आले. बाई भिंतीला पाठ टेकून उभ्या राहिल्या, आता आरडाओरडा होणार म्हणून.

मास्तर त्यांच्या समोर खाली बसले. डब्यातलं पातं घेऊन त्यांनी शर्टाचा खिसा उसवायला घेतला.

"टाका झकास घातलायस," ते म्हणाले. "आतून गाठही दिसत नाही."

"अहो..."

"माझ्यावर चिडलीस, ते बरोबर आहे. पण तुला वाटतं मी जिंकायला बसतो." पातं एक टाका पुढे सरकलं. "जिंकलो तरी काही वाटत नाही मला. हरलो तर नंतर वाटतं. पण पान उलटं असतं ना, उघडायच्या आधी, तेवढा वेळ डोकं गप्प असतं. समोरचं मशीन ऐकू येत नाही."

"ते मशीन तर बंद आहे, अहो."

"तेच तर ऐकू येतं."

रोज रात्री शेजारी झोपणाऱ्या माणसाचं हे दुखणं, आणि त्या उजेड वाढवत बसल्या होत्या, चष्मा शोधत बसल्या होत्या. त्यांनी दुसरी पँट मांडीवर ओढली आणि आपणच शिवलेले खिसे आपणच उसवायला घेतले. एक खिसा मोकळा झाल्यावर त्या म्हणाल्या, "परवा म्हणालात ना, मी नसतो तर बरं झालं असतं. ते रागाने म्हणालात?"

मास्तरांनी मान हलवली. नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून दोघे सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. ते वाक्य सांगितल्यावर डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं, पेन खाली ठेवलं आणि मास्तरांना सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का, कधी वाटतो, काही ठरवलं होतं का. इतकं उघड विचारल्यावर मास्तरांचे खांदे खाली आले, डोक्यावरचा गठ्ठा कुणीतरी उतरवून घ्यावा तसे.

"आधी उदासी आली की आधी खेळाची ओढ, हे आपण खणत बसायला नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या दोघी आता एकमेकींना धरून चालतात. एकीला घराबाहेर काढलं तरी दुसरी दार उघडून तिला परत घेते. म्हणून औषध दोघींवर करायचं."

"पण मी त्यांना अडवू कशी?" बाईंनी विचारलं.

"पैशाचा व्यवहार तुम्ही बघा, फोनमधला खेळ त्यांच्याच हाताने काढून टाकायला सांगा. पण पहारा देऊ नका. पहाऱ्यात माणूस खोटं बोलायला शिकतो. एखाद्या वेळी घसरतील. तेव्हा तुम्हाला ते आपणहून सांगतील का, ते मला महत्त्वाचं आहे."

बाईंनाही तेच हवं होतं. हा माणूस आपणहून आपल्याशी बोलावा, एवढंच.

त्यानंतरचे दोन महिने बाईंनी 'खेळलात का' असं विचारलं नाही. जीभ दातांखाली धरली. मास्तर गोळ्या घेत, दर मंगळवारी डॉक्टरीणबाईंकडे जात. एकदा भावाबद्दल तासभर बोलून आले आणि घरी येऊन ढसाढसा रडले. बाई शेजारी बसून राहिल्या. कधी चांगले चार दिवस जात, कधी मास्तर नुसते छताकडे बघत पडत. बाई तुरपाई घालता घालता वाट बघायच्या. कशाची, ते त्यांनाही नेमकं सांगता आलं नसतं. संध्याकाळी दुकानात कात्री चालू असली तरी त्यांना वाटायचं, हे अजून आलेले नाहीत.

एका दुपारी जेवणं उरकल्यावर बाई भांडी घासत होत्या. मास्तर दारात येऊन उभे राहिले.

"काय हवंय?"

"काही नाही." त्यांनी चौकटीला हात टेकला. "आज खेळलो."

बाईंनी नळ बंद केला.

"सकाळी दोरा आणायला गेलो ना, तिथे. त्या दुकानदाराचा फोन मागून घेतला. दोरा न आणताच आलो. पैसे त्याचेच लावले, ते द्यायचे आहेत. तू विचारलं नसतंस, मला ठाऊक आहे. लपलंही असतं." त्यांनी मान वर केली. "पण मला लपवायचं नव्हतं."

बाईंना वाईट वाटलं, आणि त्याच वेळी कुठूनतरी इतका आनंद दाटून आला की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. नवरा खेळून आलाय आणि ही बाई हसतेय की काय! त्यांनी ओले हात पदराला पुसले.

"किती वेळ झाला येऊन?"

"तासभर. तू जेवत होतीस, म्हणून थांबलो."

"वेडे आहात," बाई म्हणाल्या. त्यांनी पाट पुढे सरकवला. "बसा इथे. आणि सगळं सांगा, पहिल्यापासून."

मास्तर बसले, आणि सांगू लागले.