बाजूला ठेवलेली गंगाजळाची पळी

श्रीगजाननाला वंदन करून, त्याच्याच स्थापनेच्या दिवशी इंग्लंडमधील लेस्टर येथे आमच्या घरी जे घडले ते लिहितो. हा प्रसंग कोणाच्याही दारी येऊ शकतो.

“कार्डिॲक अरेस्ट,” असे निदान रुग्णालयातील डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितले. म्हणजे हृदयाचे कार्यच थांबणे.

सोवळे नेसून मी मूर्तीची प्राणप्रतिष्ठा नुकतीच आटोपली होती. दूर्वा निवडणारी माझी पत्नी सुमती एकाएकी कलंडली. हाकेला ओ नाही; मधूनच घशातून आवाज येई.

“भाऊजी, घरघर लागली,” म्हणत तिची बहीण कुसुम गंगाजळाची पळी घेऊन आली.

पौरोहित्य करताना अनेकांच्या मुखी ते अखेरचे जळ मीच घातले आहे. परंतु मातीत प्राणांचे आवाहन करणाऱ्याने माणसातले प्राण इतक्या सहज सोडून द्यावेत, हे मला मान्य नव्हते. शिवाय बेशुद्धाच्या मुखातले पाणी श्वासमार्गात जाते.

“पळी ठेव. ९९९ ला फोन लाव.”

स्पीकरवरून त्या आपत्कालीन सेवेतील ताई म्हणाल्या, असे आचके म्हणजे श्वास नव्हे. दाब सुरू करा.

सुमतीला जमिनीवर उताणे निजवले. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ. पाच-सहा सेंटीमीटर खोल, सेकंदाला सुमारे दोन दाब. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची.

“हाडं मोडतील तिची!” कुसुम ओरडली.

“मोडू देत. हाडं जुळतात.”

तीस दाबांनंतर डोके मागे कलवून हनुवटी उचलली, नाक चिमटीत धरले आणि तिच्या मुखात दोन श्वास फुंकले. छाती वर आलेली दिसली. हे मी आमच्या मराठी मंडळाच्या प्रथमोपचार वर्गात शिकलो होतो. जे शिकले नसतील त्यांनी न थांबता केवळ दाब द्यावेत.

माझे दंड भरून आले, तेव्हा कुसुम न सांगता पुढे सरसावली. “सरका, भाऊजी.” रुग्णवाहिकेतील मंडळी येईपर्यंत आम्ही आळीपाळीने दाब दिले. त्यांच्या डिफिब्रिलेटरने, म्हणजे विजेचा झटका देणाऱ्या यंत्राने, हृदयाची लय परतली.

बरगड्या खरोखरच मोडल्या होत्या. “त्या भरून येतील,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुम्ही थांबला असतात, तर मला काही करता आले नसते.”

शुद्धीवर आल्यावर सर्व ऐकून सुमती क्षीण स्वरात म्हणाली, “अहो, देवासमोर? कुसुमच्या देखत?”

चारचौघांत मी तिचा हातही कधी धरला नव्हता.

“हो,” मी म्हणालो. “सोवळ्यात.”

गंगाजळ अजून गडूत आहे. असू दे, त्याला घाई नाही.

वाचकहो, तुमच्या घरी प्रत्येकाचा श्वास अखंड वाहो. आणि कधी अडलाच, तर घरातले दोन हात मृत्यूच्या आधी तेथे पोहोचोत.