प्रज्ञाची शेवटची पेशंट, माझी आई

नलिनीकाकूंनी मला हे लिहायला बसवलं, हे आधी सांगते. वही त्यांची, पेन त्यांचं, आणि माझ्या चुका दुरुस्त करायला त्याच शेजारी बसल्यात. मी आठवीत शाळा सोडलेली. मंठ्याकडच्या खेड्यातून सात वर्षांपूर्वी इकडं आले, महाळुंग्याच्या एका कंपनीत वायरींच्या लाइनवर उभी राहते, आणि संत तुकाराम नगरात काकूंच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहते. वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहायचं म्हणजे शिकलेल्या माणसानं लिहावं, असं मी दोनदा म्हणून पाहिलं. काकू म्हणाल्या, "जसं बोलतेस तसं लिही. तिनं सगळ्यात जास्त तुलाच सांगितलंय." ती म्हणजे काकूंची एकुलती एक मुलगी, प्रज्ञा. दातांच्या डॉक्टरीचं तिचं शेवटचं वर्ष चालू होतं. तिला जाऊन आता सात आठवडे झाले…

ती गेली त्या दिवशी माझी सकाळची पहिली शिफ्ट होती. फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. तीनला सुटल्यावर काढला तर काकांचे अकरा मिस्ड कॉल. कंपनीच्या बसच्या पायरीवर उभी राहूनच मी फोन लावला. काकांनी दोनच वाक्यं सांगितली आणि ठेवून दिला. मला आधी रडू आलं नाही, आधी भीती वाटली. खोटं कशाला सांगू. कारण प्रज्ञाला ताप होता हे घरात सगळ्यांच्या आधी मला माहीत होतं. मी सांगितलं नव्हतं. आणि का सांगितलं नव्हतं, तेही मला माहीत होतं. बस चाकणच्या गर्दीत अडकली होती आणि माझ्या मनात एकच चाललं होतं, आता काकूंच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा.

चार वर्षांपूर्वी मी खोली बघायला आले तेव्हा काकूंनी दार उघडलं ते ओठावर बोट ठेवूनच. आत टीव्ही चालू होता पण आवाज बंद. काका कानात वायर घालून बातम्या बघत होते. ते आकुर्डीच्या कंपनीतून नुकतेच रिटायर झाले होते, आयुष्यभर मशिनच्या आवाजात काढलेला माणूस स्वतःच्या घरात चोरासारखा चालत होता. कुकरची शिट्टी नको म्हणून काकू डाळ पातेल्यात शिजवायच्या. मला वाटलं घरात कुणी आजारी आहे. काकू हळूच म्हणाल्या, "प्रज्ञाचं पहिलं वर्ष आहे." ते त्यांनी अशा तोंडानं सांगितलं की मीही चप्पल हातात घेऊनच जिना चढले.

जिन्यात पांढरे तुकडे पडलेले असायचे. गुळगुळीत, बोटाएवढे. त्यातला एक मी साबण समजून उचलला आणि नळाखाली ओढणीला घासत बसले. फेस काही येईना. मागून कुणीतरी हसता हसता पायरीवरच बसलं. "अगं ताई, ती माझी दाढ आहे!" पहिल्या वर्षाला मेणाच्या कांडीतून दात कोरून सरांना दाखवावे लागतात. प्रज्ञा बसमध्ये, जेवताना, टीव्हीसमोर, कुठंही मेण कोरत बसायची. ती दाढ सरांनी नापास केली होती म्हणून जिन्यात टाकली होती. त्या दिवसापासून मी तिची सविताताई झाले आणि ती माझी डॉक्टरीणबाई.

तिची अभ्यासाची रीत मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. रात्र जागायची नाही. दहाला झोपायची, म्हणायची, झोप मोडून वाचलेलं परीक्षेत सापडत नाही. पहाटे उठून वाचायची, आणि पाचच्या सुमाराला माझ्या दारात येऊन बसायची. मी डब्याच्या भाकरी थापत असायचे. पुस्तक बंद करून वाचलेलं सगळं मला सांगायचं, तेही मराठीत, हा तिचा नेम. "तुला कळलं तर मला कळलं." मी नुसतं हूं केलं की धरायची. हूं नको, परत सांग. मग मी आमच्या भाषेत सांगायचे, नस इथून निघायलीय आणि खालच्या दाताकडं जायलीय, आणि ती हसून हसून लोळायची. "नस जायलीय! हे मी पेपरात लिहिणार." हसायची, पण माझं चुकलं तर स्वतःलाच दोष द्यायची, पुस्तक उघडून पुन्हा वाचायची. असं करता करता जबड्याच्या नसा मला पाठ झाल्या. लाइनवरच्या बाया म्हणायच्या, सविते, तू वायरी लावतीस का दात काढतीस. मला शाळा सुटल्याची जी लाज होती ना, ती त्या उंबऱ्यावर रोज थोडी थोडी कमी व्हायची. हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

तिच्या भिंतीवर वेळापत्रक होतं. त्यात रविवारची दुपार हिरव्या रंगानं भरलेली. त्या दुपारी पुस्तकाला हात लावायचा नाही. आम्ही कधी आकुर्डीला पावभाजी खायला जायचो, कधी काकांबरोबर कॅरम. काका राणी खिशात घालायचे आणि प्रज्ञा त्यांच्या खिशात हात घालून ती काढायची. तेवढी एक दुपार त्या घरात आवाज असायचा. वर्गात पहिली येणारी पोर असं कसं करते, म्हणून मैत्रिणी विचारायच्या, तर ही सांगायची, हिरवा चौकोन मोडला की बाकीचे चौकोन सडतात. तिसऱ्या वर्षाला तो चौकोन अर्धा झाला. शेवटच्या वर्षाला त्यावर एक कागद चिकटवलेला दिसला, पेशंटांच्या नावांचा. मी पाहिलं, बोलले नाही. मोठ्या शिक्षणाचं असंच असेल, मला आठवीवालीला काय कळतंय.

ते पेशंटांचं असं असतं. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला ठरलेली कामं पुरी करावी लागतात. इतके दात भरायचे, इतके काढायचे, आणि सगळ्यात अवघड म्हणजे पूर्ण कवळी. त्याला तोंडात एकही दात नसलेला माणूस लागतो, आणि तो पाच वेळा यायला लागतो. आता एवढी डॉक्टरं होणारी पोरं, आणि बिनदाताची माणसं आणायची कुठून? ही सगळी पोरं बसमध्ये म्हाताऱ्यांच्या तोंडाकडं बघत बसायची. कुणी हसलं की जवळ सरकायची. प्रज्ञाच्या वर्गातल्या एकानं तर दुसरीचे ठरवलेले आजोबाच पळवले होते, नाश्ता खाऊ घालून. प्रज्ञाचं सगळं झालं होतं, कवळीच तेवढी राहिली होती, आणि तिनं धरलेली एक आजी तीन वेळा येऊन गावाला निघून गेली. तेव्हा पहिल्यांदा मी तिला रडताना पाहिलं. मीच म्हणाले, माझ्या आईला आणते.

माझ्या आईचे दात पन्नाशीतच गेले. भाकर कालवणात कुस्करून गिळायची. तिला इकडं आणलं, तर पहिल्या दिवसापासून तिचा जीव गावातल्या दोन शेळ्यांत. प्रज्ञानं कॉलेजच्या दवाखान्यात तिच्या तोंडाचं माप घेतलं, मेणात दात बसवून आणले, आरसा दिला. आई आरशात बघून लाजली आणि म्हणाली, "बाई, हे लई पांढरे हायेत. गावात म्हणतील म्हातारीनं दुसरं लग्न केलं." प्रज्ञा एवढी हसली की पलीकडच्या खुर्चीवरच्या सरांनी डोळे वटारले. मग तिनं थोडे पिवळसर दात निवडून दिले. तिला चेष्टाही खरी वाटायची.

कवळी द्यायचा दिवस ठरला, आणि त्याच्या आदल्या दिवशी प्रज्ञाला ताप भरला. मी तिच्या खोलीत गेले तर दुलई घेऊन बसलेली. म्हणाली, व्हायरल असेल, माझ्या आईला सांगू नको, ती मला उद्या जाऊ देणार नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. खुर्चीत आईच्या तोंडात ती कवळी बसवत होती, काढत होती, घासत होती, पुन्हा बसवत होती. हातमोज्यातून सुद्धा आईला कळलं. तोंड मोकळं झाल्याबरोबर ती म्हणाली, "पोरीचा हात तव्यावानी लागायलाय." प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं. मी आईला म्हणाले, गप बस, त्यांना काम करू दे.

मी असं का म्हणाले? आईची परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती. ती एकदा गेली की पुन्हा आली नसती. प्रज्ञाचं काम अडलं असतं, हे खरं. पण माझ्या आईचे दातही राहिले असते. मला आईला भाकर चावताना बघायचं होतं. ते मी बघितलं. त्याच संध्याकाळी, वरच्या खोलीत, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. कडेचा कडक पापुद्रा आईनं मुद्दाम मोडून खाल्ला… आणि खाली प्रज्ञा दार लावून पडली होती.

चौथ्या दिवशी ताप उतरला. ती अंघोळ करून जिन्यात आली, म्हणाली, "बघ, गेला." मीही हुश्श केलं. मागच्या वर्षी तिला डेंगू अभ्यासाला होता. माझ्या उंबऱ्यावर बसून तिनंच मला समजावलं होतं, की ताप उतरला म्हणजे माणूस बरं झालं असं समजायचं नाही, खरा धोका तेव्हाच सुरू होऊ शकतो, पोट दुखलं, गळून गेल्यासारखं वाटलं तर थांबायचं नाही. मी तिला ते न अडखळता परत सांगितलं होतं आणि तिनं माझ्या पिठाच्या हाताला टाळी दिली होती. आम्हा दोघींना ते पाठ होतं. पण ते पेपरात लिहायचं होतं, आमच्या घरातलं नव्हतं. ती कॉलेजला गेली, कवळीच्या कामावर मॅडमची सही घेतली, घरी येऊन पोट दुखतंय म्हणून आडवी झाली. काकांनी रिक्षातून दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. दोन दिवस ती आयसीयूत होती, आणि मग काकांचे ते अकरा मिस्ड कॉल.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तिच्या वर्गातली पोरं पांढऱ्या कपड्यांत रांगेनं बसली होती. मी चहा देत होते आणि प्रत्येक कपागणिक मनात म्हणत होते, आज सांगते. असे चार आठवडे गेले. मग एका रविवारी मी बॅग भरली, जिन्यात ठेवली आणि खाली जाऊन काकूंना सगळं सांगितलं. ताप, आईचं बोलणं, माझं गप बस, गाडी, भाकर, सगळं. कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं. त्या हाकलतील हेच ठरवलं होतं.

काकूंनी हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "चार दिवस माझ्या घरात माझी पोर तापात होती आणि मी तिच्या कपाळाला हात लावला नाही. ताट दाराशी ठेवून येत होते, अभ्यास मोडू नये म्हणून. तू एकटी गप्प बसलीस का, सविता? आम्ही तर तिच्या बारावीपासून गप्प बसलोय." आतल्या खोलीतून काकांचं रडणं ऐकू आलं. त्या घरात मी ऐकलेला त्यांचा सगळ्यात मोठा आवाज तोच. काकूंनी उठून माझी बॅग आणली, स्वतः वर नेऊन ठेवली आणि म्हणाल्या, "जेवायला खाली ये आजपासून."

त्याच दिवशी त्यांनी माझ्या आईला फोन लावला. प्रज्ञा गेल्याचं कळल्यापासून आईनं कवळी काढून डब्यात ठेवली होती, घालवत नाही म्हणायची. काकू तिला म्हणाल्या, "बाई, माझ्या लेकीनं केलेलं शेवटचं काम आहे ते. डब्यात ठेवू नका. चावून खा." आई फोनवरच हमसून रडली. आता घालते. मला सांगत होती, पहिला घास खाताना डॉक्टरीणबाईचं नाव घेते.

दहावीच्या परीक्षेला बाहेरून बसायचा माझा अर्जही काकूंनीच आणलाय. मला भीती वाटते, पण भरलाय. रोज जेवायला आम्ही तिघं एकत्र बसतो. परवा माझं लक्ष गेलं, काकू सगळं डावीकडूनच चावतात. विचारलं तर म्हणाल्या, उजवीकडची दाढ वर्षभर दुखतेय. प्रज्ञाला दाखवली होती. ती म्हणाली होती, "आई, तोवर डावीकडून खा. परीक्षा झाली की मीच करते. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस." मी म्हणाले, काकू, चला, दाखवून येऊ, दुसरीकडं कुठं तरी. त्यांनी घास डाव्या गालात घेतला आणि म्हणाल्या, "नको गं. तिनं सांगितलंय ना."

मी घाई करणार नाही, काकू. पण तुम्ही शेजारी बसून वाचताय म्हणून इथंच लिहून ठेवते, ह्या वेळी मी गप्प बसणार नाही. दर रविवारी विचारीन. एक दिवस तुम्ही हो म्हणाल. त्या दिवशी मी शिफ्ट बुडवीन, तुम्हाला खुर्चीत बसवीन, आणि दाढेचं काम होईपर्यंत तुमचा हात सोडणार नाही. त्या दिवशी तुम्ही माझी बॅग वर नेऊन ठेवलीत, ते मी असं फेडीन.