सिरिलचा थरथरता हात

सिरिल रेस्ट्रिक इंग्लंडमधल्या डार्लिंग्टन गावात आमच्या शेजारी राहायचा. तीस वर्षं त्याने रेल्वेचे डबे रंगवले आणि निवृत्तीनंतर लोकांनी घरी बनवलेल्या छोट्या पितळी इंजिनांवर रेघा मारायला लागला. हिरव्या अंगावर काळी पट्टी, तिच्या दोन्ही कडांना केसाएवढी पांढरी रेघ. दोन पोलादी पात्यांच्या मध्ये रंगाचा थेंब धरणारी लेखणी घेऊन बसला, की तो श्वाससुद्धा बेताने घ्यायचा.

मार्चमध्ये मेव्हिस काउलिंग एक इंजिन घेऊन आली. तिच्या नवऱ्याने, आर्नल्डने, ते अकरा वर्षं खपून बनवलं होतं आणि रंग लागायच्या आत तो गेला. जूनमध्ये अशी इंजिनं बनवणाऱ्यांच्या क्लबच्या प्रदर्शनात ते मांडायचं होतं. सिरिलने हिरवा रंग छान दिला. पण पहिली रेघ ओढली ती अळीसारखी वळवळत गेली. ओला रंग पुसून त्याने पुन्हा ओढली. पुन्हा तसंच.

बायकोला, हिल्डाला, त्याने सांगितलं की रंग वाळत नाहीये. मेव्हिसलाही फोनवर तेच सांगितलं. खरं काय ते त्याने फक्त मला सांगितलं, बागेच्या भिंतीपाशी उभं राहून. त्याच्या वडिलांचा हात असाच थरथरायला लागला होता आणि दोन वर्षांत त्यांना चमचाही धरता येईना.

हिल्डा मात्र सगळं पाहत होती. सिरिल दुप्पट जेवायचा, तरी त्याची पँट ढिली होत चालली होती. खिडकी उघडी ठेवूनही घामाघूम व्हायचा. चहाचा कप तर हल्ली दोन्ही हातांनी धरायचा. एका सकाळी तिने त्याची टोपी आणून त्याच्या डोक्यावर ठेवली.

"ऊठ, डॉक्टरकडे जायचंय."

"अगं, रंग वाळायचाय अजून."

"तीन आठवडे? सिरिल, चाळीस वर्षं रंगाऱ्याची बायको आहे मी."

डॉक्टरांनी नाडी पाहिली, गळा चाचपला, रक्त तपासायला पाठवलं. आठवड्याने निकाल आला. त्याच्या गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करत होती, हात त्यामुळेच थरथरत होता. वडिलांच्या आजाराशी त्याचा काही संबंध नव्हता, गोळ्यांनी बरं होण्यासारखं होतं. परतताना बसमध्ये तो रडला, असं हिल्डाने मला सांगितलं. मग थांब्यावर उतरून त्याने मासे आणि बटाट्याचे तळलेले काप घेतले आणि तिच्या वाटचेही खाऊन टाकले.

मेच्या मध्यावर त्याने मला भिंतीवरून हाक मारली. हातात काचेचा तुकडा होता. त्यावर दहा रेघा, दहाही सरळ. काच उन्हात धरून तो उभा राहिला. मलाच हायसं वाटलं.

इंजिनाला पुढे नऊ दिवस लागले. मेव्हिस आली, चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिली.

"आर्नल्ड असता तर कुठेतरी खोट काढलीच असती," ती म्हणाली.

"आहे ना एक," सिरिल म्हणाला, "डाव्या अंगाला. पण मी नाही दाखवणार."

नवरा गेल्यापासून ती हसलेली आम्ही पाहिली नव्हती. त्या दिवशी हसली.

ती गेल्यावर सिरिल खुर्चीत टेकला आणि तोंड उघडं टाकून तिथेच झोपला. हिल्डाने त्याला चहालाही उठवलं नाही.